तारेवरची कौलं

आमच्या शेजारच्या चाचींना काहीही उघडं राहिलेलं खपत नसे. रांजणावर फडकं, कोनाड्याला पडदा, कोंबड्यांच्या खुराड्यावरसुद्धा गोणपाट. नगरच्या आमच्या बोळात पहिली वीज मी घेतली. खांबावरची तार चाचींच्या भिंतीवरूनच माझ्या घरात येणार होती. त्यांनी एकच अट घातली, "मास्तर, उघडी न्हाई ठेवायची."

विजेबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की ती माझ्याकडे आहे आणि इतरांकडे नाही. तेवढ्या भांडवलावर मी छाती काढून हिंडत असे. उन्हाळ्यात तारेवरचं सुताचं वेष्टण विटलं आणि आतल्या रबराला तडे गेले. तेव्हा मी बटण बंद करून माझं जुनं धोतर तारेला गुंडाळलं. पावसाळ्यात धोतर पाणी पिऊन फुगलं आणि घरात अंधार झाला. चाचींनी विचारलं, "वलं धोतर नेसून तुमी तरी बसाल का?"

नवी तार आल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर नळीची कौलं चुन्यात तिरकी बसवली. बोळातली सगळी घरं मातीच्या धाब्याची. कौलारू छप्पर लाभलं ते फक्त माझ्या तारेला. लोक हसत. एकदा त्यातलं एक कौल नेमकं माझ्या टोपीवर पडलं. तिथं उभं राहायचं कशाला, असं चाचींनी मलाच सुनावलं. दरवर्षी मृगाआधी धाब्यावर पांढरी माती टाकून झाली, की चाची त्या कौलांच्या सांध्यांतही चुना भरत.

ही सारी माझ्यावरची माया, असं मी बायकोला ऐटीत सांगे. एका संध्याकाळी तिनं मला खिडकीशी नेलं. आमच्या दिव्याचा चौकोनी उजेड चाचींच्या अंगणात पडला होता आणि त्यात बसून त्या विड्या वळत होत्या. मी खिडकीत वाचत बसलो की माझ्या डोक्याची सावली त्यांच्या सुपात पडे आणि त्या निमूटपणे सूप सरकवून घेत, हेही बायकोनंच सांगितलं. मी फार ओशाळलो. तेव्हापासून भिंतीकडेला बसून वाचू लागलो.

पुढं माझी कोपरगावला बदली झाली. नव्या भाडेकरूला वीज नको होती. चाचींचा उजेड आपल्याबरोबर जाणार, याचं मला फार वाईट वाटत होतं. सांगायला गेलो आणि कौलांचीच चौकशी करत बसलो. त्याच म्हणाल्या, "कंदील हाय की. तुमी सुखानं जावा."

काही वर्षांनी मृगाच्या तोंडावर नगरला गेलो, तेव्हा पाय आपोआप बोळात वळले. खिडकी बंद होती. खांबापासून तोडलेली तार भिंतीवर तशीच होती आणि तिच्यावरच्या कौलांच्या सांध्यांत ओला चुना होता. चाची अंगणात हात धूत होत्या. या तारेत आता वीज नाही, असं मी त्यांना सांगितलं.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "पन तुमी परत आलात, तर तार नीट नको का?"

मला भरून आलं. मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कौल पडेल म्हणून मास्तर टोपी वाचवतायत, असं त्यांना वाटलं आणि त्या हसल्या. मी तसंच वाटू दिलं.