न पाहिलेल्यांची यादी

उस्मानाबाद जिल्ह्यात कागद शोधून देणारी माणसं पुष्कळ होती. काय पाहायचं राहिलं तेही सांगणारा माणूस एकच होता. आमच्या तालुक्याच्या कचेरीतले रेकॉर्डवाले काका.

निजामाच्या काळापासूनचे कागद तिथं कापडी बस्त्यांत बांधलेले होते. एखादा बस्ता उघडला नाही की बाकीचे कारकून शोध थांबवून चहाला जात. काका पुढचा बस्ता घेत, आणि अर्जाच्या उत्तराखाली राहिलेल्यांची यादी जोडत : ‘बस्ता अकरा : पानं चिकटली. सतरा : वाळवी. वीस : आत विंचू, उद्या पाहू.’ दुसऱ्या दिवशी ते खरोखर पाहत. घरीही तेच. काकूंनी मीठ मागितलं की आतून आवाज येई, “मीठ न्हाय सापडलं. वरचे दोन डबे पाहिले न्हाईत, झाकणं घट्ट हायेत.” “लग्नात मला तरी नीट पाहिलं होतं का?” काकू विचारत. काका आठवून सांगत, “पदर होता. चेहरा पाह्यचा राहिला.”

मी तेव्हा एका साप्ताहिकाचा वार्ताहर होतो, बातम्यांसाठी कचेरीत बसून असे. बातमी लांबली की शेपूट कापायचं, एवढं मला शिकवलेलं होतं.

दुष्काळातल्या एका उन्हाळ्याच्या तोंडावर एका विधवेचा अर्ज आला. सामाईक विहिरीत तिच्या सासऱ्याचा हिस्सा होता, पण भावकी तिला पाणी भरू देत नव्हती. जुन्या वाटणीच्या कागदाची नक्कल हवी होती. सुनावणी दुसऱ्या दिवशी होती. काकांनी दिवसभर शोधलं. कागद मिळाला नाही. खाली चार बस्त्यांची यादी आली.

“काका, शेपूट कापा,” मी म्हणालो. “‘आढळून येत नाही’ एवढं बास झालं.”

“पण चार राहिलेत की.”

“ती तुमची अडचण. साहेबांना उत्तर हवंय.”

काकांनी पहिल्यांदाच एका ओळीचं उत्तर लिहिलं. मला बरं वाटलं.

सुनावणीत साहेबांनी ती ओळ वाचली. “काही बघायचं राहिलं असतं तर तारीख वाढवली असती,” ते म्हणाले आणि अर्ज फेटाळला. काका माझ्याकडे पाहत होते. मी वहीत ‘अर्ज फेटाळला’ एवढंच लिहिलं. राहिलेल्या चार बस्त्यांचं नाव त्यांनीही काढलं नाही. बाहेर बाईंनी विचारलं, “समदं पाहिलं न्हवं, काका?” काकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

नंतर त्यांनी ते बस्ते आठ दिवस उन्हात ठेवून सुरीनं पान न् पान सोडवलं. चौथ्यात वाटणीचा कागद निघाला. नक्कल घेऊन ते एसटीनं तिच्या गावी गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, “पाण्याबिगर हितं कशी ऱ्हाईल? पोरं घिऊन गेली साखर कारखान्याकडं.”

ऊसतोडीची माणसं पावसाळ्यात परततात, म्हणून निवृत्त होईपर्यंत दर पावसाळ्यात काका तिच्या गावी जाऊन येत. मला त्यांनी कधी दोष दिला नाही. पुढं एकदा त्या अर्जाची फाईल माझ्या हाती आली. एका ओळीच्या उत्तराखाली वेगळ्या शाईत यादी जोडलेली होती. चार बस्ते, चार कारणं. पाचव्या ओळीत माझं नाव असेल असं वाटलं. तिथं लिहिलं होतं : ‘बाईंचं घर : कुलूप. पुन्हा पाहणे.’