क्लचचा गुडघा

निवृत्त ड्रायव्हर पुष्कळ असतील, पण दुसऱ्याची गाडी शेजारी बसून हाकणारा आमच्या मामांसारखा माणूस जुन्नर-आंबेगावात दुसरा सापडायचा नाही. जन्मभर त्यांनी जुन्नर-मढ लाल बस चालवली. आता कुणाच्याही गाडीत बसले की पाय क्लच-ब्रेक शोधतात आणि तोंड चालू, "आरं, वळण हाय, हारन मार!" माझ्या भावाच्या लग्नात घोड्यावरच्या नवरदेवालासुद्धा त्यांनी चढावर गिअर बदलायला सांगितलं होतं. वेळेचे तर इतके पक्के, की एकदा मामी पिशवी आणायला मागे वळली, तर तिला स्टँडवर सोडून गाडी हलली! चालवत खुद्द मामाच होते.

मामीचं माहेर मढ. पण तिकडे जाताना मामा कायम स्टिअरिंगवर आणि मामी मागे बायकांत. "रिटायर झालो की शेजारी बसून जाऊ," हा मामांचा शब्द. रिटायर झाले आणि डाव्या गुडघ्यानं दगा दिला. बसची पायरी चढवेना. जीपनं नेतो म्हटलं, तर "शब्द बसचा व्हता." मामी हल्ली मढचं नावच काढीनाशी झाली होती. ते मामांना गुडघ्यापेक्षा जास्त सलायचं.

शेवटी नारायणगावच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमना गाठलं. त्या आधी गुडघ्याची वाटी हातानं हळूहळू हलवून सांधा मोकळा करायच्या, मग मामांच्या डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवायच्या. खुर्चीत बसून पाय वाकवला-ताणला की समोरची डोंगरवाट पुढे सरकायची. एरवी "आई गं" म्हणून आखडणारा पाय घाट दिसताच कामाला लागला. मामा प्रत्येक वळणावर तोंडानं हॉर्न द्यायचे.

"मामा, गाडी नाहीये. तुम्ही चालताय," मॅडम म्हणाल्या.

"मंग समोरच्याला कळावं कसं, बाई?"

असे कितीतरी घाट उतरल्यावर मामा एकदाचे खऱ्या बसची पायरी चढले. दांड्याला धरून, पण चढले. मामी खिडकीशी, मामा शेजारी, मी मागच्या सीटवर. आता ड्रायव्हरची काही धडगत नाही, असं मी धरूनच चाललो होतो. खिंडीतलं पहिलं वळण आलं आणि मामांचा डावा पाय आपसूक दाबला गेला. मामीनं पटकन त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दुखतंय व्हय?"

"न्हाई गं."

तिनं हात काढला नाही. मामा पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाले, "सावकाश चालव, राव. आमाला घाई न्हाई."