लाल दोऱ्याच्या सहा कुंड्या

झाड मुद्दाम सुकवायचं आणि ते बघत बसायचं, हे मला ह्या जन्मी जमायचं नाही. नातीला हे आधीच सांगायला हवं होतं, चुकलं ते एवढंच.

नात रबराच्या झाडांवर पीएचडी करते. तिच्या कॉलेजातल्या रोपघराचं छप्पर दुरुस्तीला निघालं, तशी तिनं बारा कुंड्या यशवंतपूरला आमच्या गच्चीवर आणून ठेवल्या. सगळ्या एकाच झाडाचे डोळे भरून केलेली कलमं, म्हणजे अगदी सख्ख्या बहिणी. सहांना रोज पाणी. लाल दोरा बांधलेल्या सहांना मात्र जगण्यापुरतं, घोटभर, तेही तीच देणार.

मी विचारलं, रक्त एकच, मग त्यात बघायचं काय?

"अज्जी, तुझ्या वहीत चिरोट्यांचं पान पाकानं चिकटलंय ना? कृती पुसलेली नाही, पण पान उघडत नाही, म्हणून आपल्याकडे चिरोटे होत नाहीत. झाडातही तसंच. तहान लागली की काही पानं चिकटतात, काही उघडतात. त्यानं चीक कमी-जास्त होतो का, ते बघायचंय."

पटलं मला. चिरोटे होत नाहीत ते माझ्या गुडघ्यांमुळे, हे काही मी बोलले नाही.

सकाळी तुळशीला पाणी घालायला मी गच्चीवर जायची. सहा जणी पोटभर प्यायलेल्या, शेजारी सहा माना टाकून. आठवडाभर मन घट्ट केलं. पण एका पंगतीत बसवायचं आणि अर्ध्यांनाच वाढायचं, असं कुठं असतं? तांब्यात उरलेलं स्वल्प स्वल्प त्यांना घातलं. दुसऱ्या दिवशी तांब्याऐवजी बादली नेली, इतकंच.

पुढच्या आठवड्यात मी अवरेकाईच्या शेंगा सोलत बसले होते, तर नात गच्चीवरून धावत खाली आली. म्हणाली, लाल दोरेवाल्यांनी तहान पचवली, असं तर कुणाला वाटलंच नव्हतं. लगेच लॅपटॉप उघडून सरांना मेल लिहायला बसली. तिचा चेहरा बघून गप्प बसावंसं वाटलं. पण सरांकडे गेलं की ते खोटं तिच्या नावावर चिकटणार, माझ्या नाही.

"पुट्टी," मी म्हटलं, "त्यांनी नाही पचवली. मी पाजलं."

तिनं हात मागे घेतला.

"किती?"

"रोज अर्धी बादली, सहांत मिळून. रविवारी जास्त. रविवारी तू उशिरा उठतेस."

मेल पुसला. दोसाही खाल्ला नाही. दुपारी वही घेऊन आली आणि कुठल्या दिवशी कुणाला किती, ते विचारत बसली. मी बीपीची गोळी घेतली की नाही ते विसरेन, पण कोण किती प्यायलं ते विसरत नाही. सगळं लिहून झाल्यावर म्हणाली, ह्या आता तहानलेल्यांत धरता येणार नाहीत, नव्या सहा आणून पुन्हा पहिल्यापासून सुरू. पण तहानेनं चिकटलेलं पान पाणी मिळाल्यावर उघडतं का, ते ह्यांच्यात बघता येईल. "मात्र ह्यापुढे घालशील ते मोजून, लिहून."

सरी, बरं बाई, म्हटलं.

नव्या सहा आल्या. तुळस आता खाली बाल्कनीत, गच्चीची किल्ली नातीच्या गळ्यात. लाल दोरेवाल्यांना पाणी घालायला रोज तीच मला वर नेते, हात धरून, पोलीस नेतात तशी. नव्या सहांजवळून जाताना मी आपली आभाळाकडे बघत जाते.