थुंकीचं तारण

मुरुडच्या कोळीवाड्यात सोनाबाईच्या तोंडी लागायची छाती कुणाची नव्हती. मामलेदार असो की देवीचा भगत, सगळ्यांना ती अरे-तुरे करी. तोंडात दात औषधालाही उरला नव्हता, पण चावायचं काम जिभेवर भागत होतं. भ्यायची ती एकाच गोष्टीला, करणीला. नखं, केस, थुंकी परक्याच्या हाती गेली की माणूस संपला, हे तिचं पक्कं. थोरला मुलगा तापाने गेला, तोही तिच्या मते करणीनेच. धाकट्या सुनेची, गोदूची नलू ही आता घरातली एकुलती एक नात.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साली मुंबईचा एक दातांचा डॉक्टर तिथल्या शाळेत येऊन बसला. म्हणे, लहान पोरांची थुंकी हिरव्या औषधात घालायची. औषध पिवळं पडलं तर दात किडायची भीती, हिरवं राहिलं तर चिंता नको. चार वर्षांच्या नलूसाठीही नळी घरी आली. सोनाबाईने नातीला आत कोंडलं आणि नळीत स्वतःच थुंकली. झाली का पंचाईत. उठल्यासुटल्या मिश्री लावणारं तोंड ते. औषध हिरवं ना पिवळं, डांबरासारखं काळं झालं.

डॉक्टर नळी घेऊन दारात हजर. "आजी, ही पोर मिश्री लावते का?"

"माझी थुंकी हाय ती," सोनाबाई म्हणाली. "नातीची पायजे तर आधी तुझी दे. तारण. तिला काय झालं तर तुला सोडायची न्हाय."

शिकलासवरला माणूस, इस्त्रीचा सदरा, पण करतो काय? आख्ख्या आळीदेखत करवंटीत थुंकला. सोनाबाईने करवंटी चुलीमागच्या फळीवर झाकून ठेवली, आणि मगच नलूला पुढे केलं.

दोन-तीन दिवसांनी डॉक्टर परत आला. नळी पिवळीधम्मक. त्याने नलूचा ओठ वर करून दाखवला. दातांवर पांढरे डाग धरले होते.

"अजून वाचतील," तो म्हणाला. "पण झोपताना हिला गोड कोण देतं?"

गोदू मासळीची पाटी घेऊन बाजारात जायची. मागे नलूने रडू नये म्हणून तिच्या गालात गुळाचा खडा ठेवून थोपटायची ती सोनाबाईच. गोदूने सासूकडे पाहिलं.

सोनाबाई आत गेली, फळीवरची करवंटी काढली आणि डॉक्टरच्या हातात ठेवली.

"न्या तुमची थुंकी," ती म्हणाली. "करणी करणारी घरातच हाय."