डोळ्याचं पाणी

फ्रेडरिकाच्या घरात शुक्रवारची सकाळ कॅनपासून सुरू व्हायची. कॅन तसा तेलाचा, पत्र्याचा, कानाशी चेपलेला. पण घरात त्याचा मान जावयासारखा. ती तो राखेने घासायची, बुडाशी साचलेला तांबूस गाळ बोटाने काढायची आणि घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून नवऱ्याच्या हाती द्यायची. एलियासर तो खांद्यावर टाकून हॉटेलात कामाला जायचा आणि संध्याकाळी भरून आणायचा. झऱ्याचं गरम पाणी. त्या पाण्यात फडकं बुडवून ती गुडघे शेकायची आणि पुढचा आठवडा शेळ्यांमागे हिंडायला मोकळी व्हायची.

त्या शुक्रवारीही कॅन गेला होता. चुलीवर मक्याची लापशी रटरटत होती, दारातली काळी शेळी नेहमीप्रमाणे आत डोकावत होती, आणि दारावर थाप पडली. वाळवंटातल्या या वस्तीत दारावर थाप मारायची कुणाला सवय नाही. लांबूनच हाक मारतात. फ्रेडरिकाने दार उघडलं तर तिला औसी, म्हणजे ताई, म्हणणारी शेजारची हेसिना. डोक्याला कोरा रुमाल, अंगात सणासुदीचा रंगीत ठिगळांचा झगा.

"थाप कशाला मारतेस गं? पोलीस आहेस?"

"आज मी हॉटेलची पाहुणी. पाहुण्यांसारखं वागून बघतेय." हेसिनाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आणि तू अजून राखेतच बसलीयस? कोपऱ्यावर गाडी आलीय, औसी. कामगारांच्या बायकांना आज हॉटेलात आंघोळ आणि जेवण. नवऱ्याने सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. हेसिनाचा नवरा तिथल्या बागेत पाणी घालतो, त्याने तर आठवड्यापूर्वीच घरी येऊन डांगोरा पिटला होता. फ्रेडरिका म्हणाली, विसरला असेल, वय झालं त्याचंही. त्यावर हेसिना म्हणाली की नवरे विसरत नसतात, लपवतात. चल, एखादी गोरी बाई ठेवलीय का तिथे ते बघून येऊ. दोघी हसल्या. फ्रेडरिकाने लापशी उतरवली, शेळीला हाकललं आणि पेटीतला झगा काढला.

गाडी कोरड्या नदीच्या पात्रातून चालली तेव्हा तिने वाटेतच एक गुळगुळीत खडा उचलून घ्यायला गाडी थांबवायला लावली. गाडीवाला हसला, बायका हसल्या नाहीत. पाण्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत, हे त्यांना माहीत होतं.

तो झरा म्हणजे तिचं माहेरच होतं म्हणा ना. लहान असताना आई तिला पाठीशी बांधून तिथे घेऊन गेली होती. वाळूत झऱ्याचं तोंड होतं, त्याला डोळा म्हणायचे; त्यातून बुडबुडे यायचे, ओल्या काडेपेटीसारखा वास यायचा. त्या डोळ्यात पाण्याचा नाग राहतो आणि त्याला अनोळखी माणूस आवडत नाही. म्हणून आईने आधी खडा टाकला, मग ओंजळीने लेकीच्या कपाळावर पाणी लावलं आणि पाण्याला सांगितलं: ही माझी आहे, हिला ओळखून ठेव, घाबरवू नकोस. एवढं झालं की ते मूल त्या पाण्याचं होतं. वाळवंटात कुठेही गेलं तरी पाणी त्याला पाठ दाखवत नाही.

पुढे हॉटेल झालं, तारेचं कुंपण आलं, वस्तीला झरा बंद झाला. म्हाताऱ्यांनी बरीच आदळआपट केली. अखेर एलियासरला तिथे पंपाच्या खोलीवर काम मिळालं आणि तो कॅन भरून आणायला लागला. लोक म्हणाले, चला, आपण पाण्याकडे जाऊ शकत नाही तर पाणी आपल्याकडे आलं. तेव्हापासून वस्तीतलं प्रत्येक तान्हं फ्रेडरिकाच्या अंगणातल्या पत्र्याच्या टबाशी आणलं जायचं. तिला स्वतःला मूल झालं नाही. पण खडा टबाच्या बुडाला टण्णकन वाजला आणि तिने बाळाच्या कपाळाला पाणी लावलं की ते पोर थोडं तिचंही व्हायचं. रस्त्यात तिला पोरं 'पाण्याची औमा', पाण्याची आजी, म्हणायची. एलियासर टब धरायला असायचाच. टोपी काढून, मान खाली घालून.

हॉटेलच्या दारात एका मुलीने हातात गोड सरबताचे ग्लास ठेवले आणि टॉवेल दिले, इतके मऊ की हेसिनाने आपला गालाला लावून बघितला आणि म्हणाली की हा घरी आला तर माझा नवरा यालाच बिलगून झोपेल. वेताच्या भिंतीआड निळ्या फरशीचा तलाव होता, वाफाळता. फ्रेडरिका काठावर उकिडवी बसली, खडा सोडला आणि ओठातल्या ओठात आईचं नाव, स्वतःचं नाव सांगायला लागली. तेवढ्यात टॉवेलवाली मुलगी धावत आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली की खडे नका टाकू, औमा, जाळी तुंबते.

कसली जाळी, हा प्रश्न तिथेच पहिल्यांदा तिच्या मनात आला. ती पाण्यात उतरली. पाणी ऊन होतं, गुडघे सैलावले. पण पायाखालची फरशी गार. तिच्या लहानपणी ऊब खालून यायची, तळव्यांना चटके बसायचे, पोरं एका पायावर नाचायची. इथे ऊब बाजूच्या एका नळीतून येत होती, आणि वास कसलाच नव्हता. नाही म्हणायला वाऱ्याबरोबर डिझेलचा भपका तेवढा आला. तिचं मन मानेना. बायका एकमेकींवर पाणी उडवत होत्या, त्यांना तसंच सोडून ती टॉवेल पांघरून वेताच्या भिंतीमागे गेली. डोळा मागेच कुठेतरी असणार, त्याला भेटून येऊ म्हणून.

मागे पत्र्याची खोली होती. आत भलंमोठं लोखंडी पिंप धडधडत होतं आणि त्याच्या पोटात जाळ. पिंपाच्या नळाखाली घोंगडीत गुंडाळलेला, कानाशी चेपलेला कॅन. आणि नळ धरून एलियासर उभा.

त्याने तिला बघितलं आणि नळ बंद करायलाही विसरला. कॅन भरून पाणी वाहायला लागलं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"पंप."

"पंपाला जाळ कशाला लागतो?"

मग त्याला बोलावंच लागलं. मोठा दुष्काळ पडला त्या साली हॉटेलने खोल बोअर मारली आणि त्याच हिवाळ्यात डोळा गार पडला. साहेबाने बॉयलर बसवला आणि एलियासरला बजावलं की बाहेर ब्र काढलास तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस. पाहुणे लांबून नैसर्गिक गरम झऱ्यासाठी येतात. त्यांना कळलं तर हॉटेल बसलं, आणि हॉटेल बसलं तर वस्तीच्या चुली बसल्या. हे सगळं तो एका दमात म्हणाला, बरीच वर्षं पाठ करून ठेवल्यासारखं.

फ्रेडरिकाला ते कळलं. पोट सगळ्यांनाच आहे. साहेबाचा तिला राग आला नाही; साहेब कोण लागतो तिचा?

"गावाला नाही सांगितलंस, बरं केलंस," ती म्हणाली. "मला?"

"तुला कसं सांगू? तू त्याच दिवशी टब पालथा केला असतास. मग पोरांचं काय? तुझ्या गुडघ्यांचं काय? बरं वाटत होतं ना तुला?"

बरं वाटत होतं, हेच तर तिला लागलं. शेक कुठल्याही पाण्याचा लागतो. तो तिने घरच्या चुलीवरही घेतला असता.

"मी पाण्याला माझ्या आईचं नाव सांगत होते, एलियासर. बॉयलरला सांगत होते. आणि तू टोपी काढून उभा राहत होतास."

टोपी आत्ता मात्र त्याच्या डोक्यावरच होती. त्याचा हात तिच्याकडे गेला आणि अर्ध्यातूनच परत आला. ज्या माणसाच्या श्वासावरून तिला त्याचा ताप कळायचा, त्याने इतकी वर्षं केसाने गळा कापला आणि तिला कधी ओरखडाही जाणवला नव्हता.

डोळा कुठे आहे, असं तिने विचारलं. त्याने भिंतीच्या पायाशी बोट दाखवलं. सिमेंटच्या झाकणाला फट होती आणि फटीभोवती शेवाळ. ती कशीबशी गुडघ्यांवर टेकली, फटीत हात घातला. पाणी होतं. थोडंसं, पाझरतं, गार. हात नाकाशी नेला तर ओल्या काडेपेटीचा वास. म्हणजे तो होता, इतका वेळ इथेच होता. त्याला नाव सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. घरचा माणूस दारात ताटकळत ठेवून आपण परक्यालाच ओवाळत बसलो, असं काहीतरी तिला झालं. ती तशीच उठली.

परतताना गाडीत बायकांना खाण्यापिण्याच्या आणि मऊ टॉवेलांच्या गप्पा पुरेनात. हेसिना तिच्या खांद्याला खांदा लावून बसली होती.

"कुठे गडप झाली होतीस? सापडली का ती गोरी बाई?"

"सापडली," फ्रेडरिका म्हणाली.

हेसिना खिदळली. मग म्हणाली की सूनबाईची तब्येत आता ठीक आहे, रविवारी नातवाला घेऊन येते, खडा मी स्वतः शोधून ठेवलाय. तिचं ते पहिलंच नातवंड. आत्ता बोलायला हवं, हे फ्रेडरिकाला कळत होतं. तरी तिच्या तोंडून "आण" एवढंच निघालं, आणि ते निघाल्यावर तिला कळलं की एलियासरचं पहिलं खोटंही असंच, एका शब्दाचंच असणार. त्यामुळे तिच्या रागात भरच पडली, तो कमी झाला नाही.

संध्याकाळी एलियासर आला. कॅन खांद्यावरच होता; रिकामा आणायचा की भरलेला, याचा विचार त्याने वाटभर केला असावा आणि सवयीने भरलेलाच आणला असावा. त्याने तो दाराशी ठेवला. एरवी ती धावत येऊन घोंगडी सोडायची. आज तिने त्याच्यापुढे लापशी आणि सुकं मटण ठेवलं, स्वतःसाठी काळा चहा ओतला आणि टबाशेजारच्या दगडावर जाऊन बसली. उन्हं उतरली होती. कॅनमधलं पाणी निवत चाललं होतं, पत्रा मधूनच टक्‌ करून वाजत होता.

तो जेवला नाही. बऱ्याच वेळाने बाहेर आला, म्हणाला की तू सांगशील ते करतो, गावाला सांग म्हणालीस तर गावाला सांगतो, नोकरी सोड म्हणालीस तर सोडतो.

तिने कॅन उचलला, टबात न ओतता शेळ्यांच्या डोणीत रिता केला आणि त्याच्या हातात परत दिला.

"रविवारी हेसिना नातवाला आणणार आहे. गावाला काय सांगायचं ते त्या दिवशी मी सांगेन," ती म्हणाली. "तू मला डोळ्याचं पाणी आण. मगभर पुरे. गार आहे तसंच आण, तापवू नकोस."