दोष मोबाईलचा, सही भावाची

आमच्या घराण्यात पदवी मिळवलेली पहिली मी. रोज एसटीनं बारामतीला जाऊन बी.ए. झाले, आता तिथंच एका ऑफिसात नोकरी करते, खोली घेऊन राहते. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. पण त्या शिक्षणानं माझ्या भावाचं काय करून ठेवलं, ते सांगायचं म्हटलं की दमायला होतं.

घर निमगाव केतकीच्या पुढं, रान कॅनॉलच्या पाण्यावरचं. भाऊ माझ्याहून सात वर्षांनी धाकटा, बावीसचा. पोलीस भरतीची तयारी करतो. सकाळी पळणं, दिवसभर रान, आणि दुपारी जेवण झालं की ओट्यावर बसून मोबाईलवर बंदुकांचा गेम. कानात वायर घालून हा ओरडायचा, "डावीकडनं आला, डावीकडनं! डोक्यात घाल त्याच्या!" भिंतीला भिंत लागून चुलत्यांचं घर. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. तिकडं सगळं ऐकू जायचं.

आईनं एकदा भांडी घासता घासता विचारलं, "कुणाला मारतुयास रं एवढं?"

"हाय कोन तरी सोलापूरचा."

"त्येला बी आई असंल की."

"आई, पुढच्या डावाला त्यो परत उभा ऱ्हातो. तू नगं काळजी करूस."

मीही बोलायचे. पण रोज कोण बोलणार?

त्या रविवारी मी घरी होते. आमची पाण्याची पाळी चारपर्यंत, मग तात्यांची. भाऊ उसात दारं धरत होता. एक सरी भरली की तिचं बारं, म्हणजे तोंड, बुजवून पाणी पुढच्या सरीत सोडायचं. मी चहा घेऊन बांधावर पोचले तोवर तीन वाजले होते, आणि पाणी तुटलं. कॅनॉलचं पाणी रानात आणणारी चारी दोन्ही घरांची एकच; आम्ही दोघं तिच्या कडेनं वर गेलो. तात्यांनी चारी फोडून पाणी आपल्या रानात घेतलेलं.

"तात्या, अजून तासभर हाय आमचा."

"मोठा आला तासवाला! भरतीत दोनदा नापास झालास, आन् मला कायदा शिकवतुस व्हय रं?"

भावानं खोऱ्याचा दांडा त्यांच्या डोक्यात घातला. तात्या मटकन खाली बसले. रक्त कानापर्यंत आलं. आणि भाऊ नुसता बघत उभा राहिला. तीन मोजावं एवढाच वेळ, पण त्या वेळात तो जणू तात्या आपोआप उठायची वाट बघत होता. मग खोरं टाकून त्यानंच त्यांना उचललं. मोटारसायकलवर मध्ये तात्या, मागं त्यांना धरून मी, असे इंदापूरला गेलो. टाके पडले. त्या तीन मोजण्याएवढ्या वेळाबद्दल मी घरात कुणाला बोलले नाही. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला अजूनही कळत नाही.

केस झाली तर भरती संपली. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गावचे पोलीस पाटील मध्ये पडले. तात्यांच्या ओसरीवर सगळे बसले. डोक्याला पट्टी बांधलेल्या तात्यांनीच सुरुवात केली.

"पोरगं वाईट न्हाय. त्या गेमनं डोस्कं फिरवलंय त्याचं. रोज ऐकतुय मी, डोक्यात घाल, डोक्यात घाल. घातलं की मग!"

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यात जास्त आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी. मी आबांकडं बघत राहिले. मी चौथीत असताना ह्याच चारीवर, ह्याच पाण्यावरून आबांनी ह्याच तात्यांच्या हातावर दांडा घातला होता. तेव्हा गावात मोबाईल नव्हता, आमच्या घरात टीव्हीसुद्धा नव्हता. तात्यांचं डावं मनगट अजून नीट वळत नाही. दोघं समोरासमोर बसले होते आणि दोघांपैकी एकानंही तो विषय काढला नाही. दोष गेमवर गेला की चारी कुणी फोडली हे विचारायची कुणालाच गरज उरत नव्हती.

"पोरी, तू शिकलेली हायेस," पोलीस पाटील मला म्हणाले. "लिही माफीच्या चार ओळी, ह्यो सही करंल."

भावानं मला आत बोलावलं. "आक्का, गेमचं लिहू नगं. त्यांनी चारी फोडली, वर बोलले, म्हणून मारलं. चूक माझी हाय. तेवढंच लिही."

"तसं लिहिलं तर तात्या ऐकतील? केस करतील. गप बस."

आणि मी लिहिलं. ऑफिसात लिहिते तसं, वळणदार अक्षरात: 'मोबाईलवरील हिंसक खेळाच्या आहारी गेल्यामुळे माझ्या मनावर परिणाम झाला व त्या भरात माझ्याकडून हे कृत्य घडले.' पोलीस पाटलांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. "शिकलेल्याचं काम येगळंच," म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. भावानं सही केली, कागद तात्यांनी घेतला. सगळ्यांदेखत गेम काढून टाकला. मग तात्यांच्या सुनेनं चहा आणला, आणि तो दोन्ही घरांनी एकत्र घेतला. मिटलं म्हणायची आमच्याकडं हीच रीत.

महिन्याभरानं तात्यांनी पुन्हा तासभर आधी पाणी वळवलं. भाऊ विचारायला गेला तर म्हणाले, "ये, मार की. कागद हाय माझ्याकडं. मनावर परिणाम झालेला गडी पोलिसात घेत्यात का, इचारू का कुणाला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्याला पोलीस व्हायचंय त्या पोराच्या नावावर मी असलं वाक्य लिहिलं, आणि साधी एक झेरॉक्ससुद्धा काढून ठेवली नाही. कागद परत मागायला गेले. तात्या हसले. "ऱ्हाऊ दे की. पुतणीच्या हातचं अक्षर हाय, जपून ठिवलंय."

आता आबा म्हणतात, भरती होईस्तवर जाऊ दे पाणी. शेवटच्या सऱ्यांतला ऊस पिवळा पडलाय. भाऊ गेम खेळत नाही, फारसं बोलतही नाही. गावातली माणसं मला एसटी स्टँडवर गाठून सांगतात, बघ, गेम सुटला आणि पोरगं कसं निवळलं. मी हो म्हणते. समजावून सांगायचं बळ नाही राहिलं.

गेल्या आठवड्यात सकाळी त्याचा फोन आला. धापा टाकत होता.

"आक्का, एक इचारू? मी त्या गेममुळंच मारलं असंल का गं?"

"न्हाय," मी जरा जास्तच घाईनं म्हणाले.

"मग तू तसं लिहिलंस कशाला?"

केस होऊ नये म्हणून, हे त्यालाही ठाऊक होतं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, "अजून दोन फेऱ्या पळायच्या राह्यल्यात." आणि त्यानं फोन ठेवला.