घारमॅनच्या कमरेची पट्टी

"मला उंचीची नाही, सफाईची भीती वाटते," असं शामराव तोरसकर एकदा म्हणाले होते. ऐकणाऱ्यांना तो विनोद वाटला. लालबागच्या चाळीत जिन्याखालच्या खोलीत मशीन मांडून बसलेला साठीचा शिंपी, त्याला सफाईची कसली भीती?

शामराव सिनेमाचे कपडे शिवत. 'घारमॅन' या सिनेमाचा पोशाख त्यांचाच. परळचा पोट सुटलेला कारकून घारीसारखा उडतो आणि मासळीचा वास आला की वाट चुकतो. लोक पोट धरून हसले, आईच्या प्रसंगाला रडले. पण पडद्यावर उडणारा तो हीरो नव्हे. पोशाखाच्या आत पट्टा बांधून वेगळाच माणूस लटकतो. कमरेवरच्या चिरेतून हूक बाहेर येतो, त्यात तार अडकते. हुकाला एक गोल कडी असते. ती शेवटपर्यंत फिरवली की कुलूप लागतं.

चीर कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून शामरावांनी तिच्यावर पट्टी शिवली होती, आतून टिचबटण लावून. इतकी बेमालूम, की दिग्दर्शकाने हात फिरवून विचारलं, "चीर कुठाय?" चित्रीकरणाच्या चौथ्या दिवशी हीरोऐवजी लटकणारा आनंदा वीस फुटांवरून खाली पडला. आज तो काठी टेकत चालतो.

दोष रामदासवर आला. तार अडकवायचं काम त्याचं. कडी डोळ्यांनी नाही, अंगठ्याने तपासायची त्याची जुनी सवय. "चाचपली होती," एवढंच तो सांगत राहिला. पुढे तेही सांगेनासा झाला.

पोशाख परत आला तेव्हा शामरावांनी डोळे मिटून पट्टीवर अंगठा फिरवला. बोटाला बटण लागलं. गोल, घट्ट, अगदी कुलूप लागलेल्या कडीसारखं. त्यांनी पट्टी उसवून टाकली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

चार वर्षांनी सिनेमाच्या दुसऱ्या भागाचं काम आलं. कपड्यांचं काम बघणारी वैदेही नवीन होती. तिने पहिला भाग थांबवून थांबवून पाहिला होता.

"शामकाका, तश्शीच पट्टी हवी. चीर दिसली तर लोक हसतील."

"हसायलाच येतात ना ते?"

"घारमॅनला हसतात काका, शिवणीला नाही."

"त्या चिरेतून माणूस लोंबतो गो."

"म्हणून तर तुमच्याकडे दिलंय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यांनी वहीत माप लिहून घेतलं. त्यांनी पट्टी शिवली, उसवली, पुन्हा शिवली. मुद्दाम वाकडी शिवावी, म्हणजे तीच नको म्हणेल, असंही मनात आलं. पण चाळीस वर्षं शिवणाऱ्या हाताला वाकडा टाका घालता येईना.

चित्रीकरण एका बंद गिरणीच्या शेडमध्ये होतं. या वेळी उंची चाळीस फूट. लटकणार होता नायगावचा राजरत्न, आनंदाने तयार केलेला. शामराव त्याच्या पाठीवरचे बंद ओढत होते.

"मास्तर, पोटात कापूस जास्तच झालाय. घार आहे का गॅसचा सिलिंडर?"

"हीरोच्या मापाचं आहे ते."

"असू दे. पडलो तर तेवढीच गादी."

शामरावांनी शेवटचा बंद आवळला.

राजरत्न वर चढला. मचाणावर रामदास होता. एवढ्या वर्षांनी त्याला परत घेतलं होतं. आता तो प्रत्येक गोष्ट तीनदा विचारे. "लॉक? लॉक? लॉक?" खालून लाइटवाले त्याची नक्कल करत. शामरावांनी मान वर केली. रामदासचा अंगठा पट्टीवरून फिरला.

"लॉक."

शामरावांना तो अंगठा तेवढा दिसला. मग त्यांचे पाय शिडीवर होते. "मास्तर, कुठे निघालात?" कुणीतरी ओरडलं. खाली पाहिलं तर आनंदा दिसेल, असं त्यांना वाटत होतं.

वर पोचल्यावर त्यांनी खिशातलं अर्धं ब्लेड काढलं आणि पट्टी टरकन फाडली. घारमॅनचा कमरेपासून मांडीपर्यंतचा पोशाख उसवला. दुसरा पोशाख नव्हता.

"काका, काय केलंत हे?" खालून वैदेहीचा आवाज आला.

रामदास वाकला. हूक उघडा पडला होता. कडी शेवटपर्यंत फिरलेली होती.

"टाइट आहे मास्तर. बघा ना."

"घाबरवून मारणार होतात मला," राजरत्न म्हणाला.

रामदास सरळ झाला नाही. पट्टीचा तुकडा बटणासकट लोंबत होता. त्याने तो अंगठ्याखाली धरला. मग कडी चाचपली. मग परत बटण. त्याचा अंगठा तिथेच थांबला.

"मास्तर," तो अगदी हळू म्हणाला, "आनंदाच्या वेळी पण हीच पट्टी होती?"

शामरावांनी त्याच्याकडे पाहिलं. ब्लेड कागदात गुंडाळून खिशात ठेवलं आणि एकेक पायरी चाचपत ते शिडी उतरले. वैदेही काहीतरी विचारत होती. त्यांची मापाची टेप खुर्चीवर पडली होती, ती तशीच राहिली. वर रामदास अजून वाकलेलाच होता. शामराव फाटकातून बाहेर पडले.